पोटगीचा प्रश्न आणि आपले पंच

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझे व्याख्यान वधू-वर परिचयाच्या लगोलग मागून छापले गेले आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘पोटगी’ असे सांगितले, आणि ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, आजच्या दिवशी?’’ त्यांचा संकोच मला कळत होता. ज्या मांडवात उद्याची लग्ने ठरावयाची, त्याच मांडवात मोडलेल्या संसाराच्या हिशेबाची चर्चा करणे अनेकांस अशुभ वाटेल. परंतु घराला दोन दारे असली म्हणजे घर पडत नाही, तसे कायद्याची माहिती असल्याने संसार मोडत नाहीत. शिवाय मला या विषयावर जे बोलावयाचे आहे, त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली आहे. ती ज्ञातीसमोरच दिली पाहिजे, आणि आता वय पाहता ती पुढल्या वर्षावर टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पोटगी हा शब्दच आपल्याला थोडा फसवतो. त्यात पोट आहे, आणि पोट म्हटले की भीक आठवते. आपल्या घरांतून ‘तिला पोटगी टाकली’ असे बोलले जाते, जणू अंगणात येणाऱ्या मुक्या जनावरापुढे काही टाकावे. कायद्याची दृष्टी निराळी आहे. विवाहाने पतीवर पत्नीच्या निर्वाहाचे कर्तव्य येते, ते तिच्या वागणुकीवर प्रसन्न होऊन दिलेले बक्षीस नव्हे, आणि विवाहबंध तुटल्याबरोबर ते आपोआप विरूनही जात नाही. तिने पंधरा वर्षे घर सांभाळले, सासऱ्याची शुश्रूषा केली, मुले वाढवली, नोकरी धरली नाही किंवा धरलेली सोडली. या साऱ्याचा हिशेब कुठेतरी व्हावयास हवा, आणि तो होण्याची जागा पोटगी ही होय.

थोडा पूर्वेतिहास सांगतो. आपल्यातील वृद्धांस काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द परिचित आहेत. महाराष्ट्रातील अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको विभक्त होत, आणि स्त्रीचा पाट लागे. ज्या जाती स्वतःस वरच्या म्हणवीत, त्यांत मात्र स्त्रीला सुटकाच नव्हती. टाकलेली बाई माहेरच्या माजघरात जन्म काढी. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने विवाहित हिंदू स्त्रीस काही कारणांसाठी विभक्त राहून निर्वाह मागण्याचा हक्क दिला. त्याच साली मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा झाला, आणि १९४७ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा आला. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वश्रुत आहे. त्या बिलाचा विवाहविषयक भाग पुढे १९५५ साली हिंदू विवाह अधिनियमाच्या रूपाने संमत झाला, आणि दुसऱ्याच वर्षी दत्तक व निर्वाह यांचा अधिनियम आला. म्हणजे आज आपण ज्या हक्कांविषयी बोलत आहोत, ते पाश्चात्त्य वाऱ्याबरोबर काल-परवा आलेले नाहीत. आपल्या आजोबांच्या हयातीतच ते कायद्याच्या पुस्तकात उतरले होते. ते आपल्या घरात उतरले नाहीत, एवढेच.

आता कायदा काय आहे ते पाहू. पोटगी मागण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली दिवाणी स्वरूपाची, हिंदू विवाह अधिनियमाची. त्याच्या २४व्या कलमान्वये दावा चालू असतानाच अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्य तो साठ दिवसांत द्यावा, अशी सूचना कायद्यातच आहे. (ती किती पाळली जाते, हे या सभेतील ज्यांनी कोर्टाच्या बाकावर दिवस काढले आहेत त्यांनाच विचारावे.) २५व्या कलमान्वये घटस्फोटाच्या हुकुमाच्या वेळी, किंवा त्यानंतर केव्हाही, कायम पोटगी मागता येते. ती दरमहा असू शकते वा एकरकमी, आणि गरज पडल्यास देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर तिचा बोजा ठेवता येतो. ‘त्यानंतर केव्हाही’ हे शब्द कृपा करून लक्षात ठेवा. घटस्फोट झाला त्या दिवशी मागितली नाही म्हणून हक्क गेला, ही समजूत आपल्यात सार्वत्रिक आहे आणि ती साफ चुकीची आहे. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून वा कमी करून घेता येते. घेणाऱ्याने पुनर्विवाह केला तर न्यायालय ती बंद करू शकते.

दुसरी वाट न्यायदंडाधिकाऱ्यापुढची. शहरांतून जेथे कुटुंब न्यायालय आहे, तेथे हा अर्ज त्याच न्यायालयात जातो. हिलाच लोक अजून ‘सव्वाशेची केस’ म्हणतात, कारण १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १२५वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून, तीच तरतूद आता १४४व्या कलमात आहे. ही वाट सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुली आहे, तशीच मुलांना आणि वृद्ध आईबापांनाही. आणि येथे ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित व पुनर्विवाह न केलेली स्त्री अंतर्भूत आहे, असे कायदा स्वच्छ सांगतो. अर्ज तिने आपण राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करावा. सासरच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही.

या दुसऱ्या वाटेच्या इतिहासात एक आकडा आहे, त्यापाशी मला थांबावयाचे आहे. जुन्या, १८९८च्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती. १९५५ साली ती दरमहा पाचशे रुपये करण्यात आली. त्या काळी पाचशे रुपये ही भारी रक्कम होती. पण पुढे साखर, केरोसीन, घरभाडे, शाळेची फी, सारे वाढत गेले आणि पाचशेचा आकडा मात्र जागचा हलला नाही. १९७३ची नवी संहिता आली, तिनेही तोच उचलला. १९८५ साली ज्या शाहबानो खटल्याने देश ढवळून निघाला, त्यातील दरमहाची रक्कम किती होती, हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. ती होती एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे. महाराष्ट्र शासनाने १९९९ साली आपल्या राज्यापुरती मर्यादा पंधराशेवर नेली, आणि २००१ साली संसदेने ती मर्यादाच काढून टाकली. म्हणजे सेहेचाळीस वर्षे या देशातील टाकलेल्या स्त्रीच्या भुकेला कायद्याने एकच माप लावले होते. विवाह अधिनियमाच्या पोटगीला अशी मर्यादा कधीच नव्हती. पण ती वाट लांबची, वकिलाची आणि खर्चाची, म्हणून गरीब स्त्री तिकडे फिरकत नसे. आणि तिला तिकडे नेण्याचे ज्यांचे काम, ते माझ्यासारखे वकील तिला काय सांगत होते, हे आता सांगतो.

१९९४ सालच्या वैशाखातली गोष्ट. आपल्या मंडळाची सलोखा समिती तेव्हा जोरात होती, आणि तिचे कागद करण्याचे काम मजकडे असे. तेवीस वर्षांची एक मुलगी, कडेवर दीड वर्षांची पोर. नवऱ्याच्या घरी नऊ एकर बागायत, गावात खताचे दुकान. तिला नांदवायचे नाही, एवढाच त्यांचा हेका. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत पंचांनी तोड काढली की काडीमोड करावी, मुलीच्या बापाला रोख अकरा हजार द्यावेत, अंगावरचे दागिने परत करावेत, आणि पुढे कोणी कोणाकडे काही मागू नये. मी मुद्रांकावर कागद लिहिला. ‘‘यापुढे माझा अथवा माझ्या मुलीचा पोटगीचा कोणताही हक्क राहिलेला नाही’’, हे वाक्य माझे आहे. अक्षरही माझेच आहे.

सही करण्यापूर्वी ती मुलगी मला म्हणाली, ‘‘वकीलकाका, कोर्टात गेले तर जास्त नाही मिळणार?’’ मी म्हणालो, ‘‘पोरी, कायद्याने पाचशेच्या वर मिळत नाही. पाचशेसाठी कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवतेस?’’ तिचा बाप जवळच उभा होता. ‘‘काका सांगतात ते ऐक,’’ तो म्हणाला. तिने सही केली.

मी तिला खोटे सांगितले नव्हते, अर्धे सांगितले होते. विवाह अधिनियमात मर्यादा नाही, हे मी बोललो नाही. दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो, हेही नाही. मुलीचा हक्क स्वतंत्र असून तो आईला सोडून देताच येत नाही, हे मला पक्के ठाऊक होते, तरी तो मी कागदावर सोडून दिला. साधा त्रैराशिकाचा हिशेब केला असता, तर पाचशेच्या त्या क्षुल्लक दरानेही अकरा हजार म्हणजे बावीस महिने. आईच्या उरलेल्या आयुष्याचा आणि मुलीच्या बालपणाचा आम्ही मिळून बावीस महिन्यांत निकाल लावला. आणि त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९९४ रोजी, महाराष्ट्र शासनाने पोटगी, घटस्फोट इत्यादी प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट-फी माफ केली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मी ते वाचले, आणि कात्रण काढून कपाटात ठेवले. कोणाला कळवले नाही.

ती २०२१ साली माझ्या दारात आली. पन्नाशीला टेकलेली. शिवणयंत्रावर मुलीला वाढवले, शिकवले, तिचे लग्न केले. आता मनगटे साथ देत नाहीत, डोळ्यांना मोतीबिंदू. तिने ती जुनी नक्कल पिशवीतून काढली आणि विचारले, ‘‘काका, हा कागद अजून चालतो का?’’

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही मोलाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देतो. रूढीने होणारा घटस्फोट विवाह अधिनियमाच्या २९व्या कलमाने राखून ठेवला आहे. परंतु रूढी म्हणजे चार पंचांना त्या दिवशी सुचलेली तोड नव्हे. ती दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेल्याचे सिद्ध करावे लागते. आपल्या ज्ञातीत अशी रूढी होती किंवा नव्हती, याविषयी आपल्या वृद्धांतच एकमत नाही. समजा, होती. मग तो कागद खरा आणि ती घटस्फोटित पत्नी, पुनर्विवाह न केलेली, म्हणून पोटगीस पात्र. समजा, नव्हती. मग कागद फुकट, आणि ती आजही त्याची विवाहित पत्नी. म्हणून पुन्हा पोटगीस पात्र, आणि त्याने त्याच वर्षी केलेले दुसरे लग्न बेकायदा. दोन्ही वाटांनी ती एकाच दाराशी येते. हे मला १९९४ सालीही सुचावयास हरकत नव्हती.

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी अपेक्षित ते सर्व आक्षेप घेतले. म्हणाले, दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत आहेत, म्हणून पोटगी नाही. त्यास उत्तर असे की पतीने दुसरी स्त्री घरात आणली असेल तर वेगळे राहण्यास पत्नीला सबळ कारण आहे, हे त्याच कलमात लिहिले आहे. म्हणाले, रूढीप्रमाणे ठरलेली रक्कम तिला मिळाली आहे. पण नाममात्र रक्कम निर्वाहाची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणाले, तिने हक्क लिहून सोडला. येथे कायदा बारकाईने वाचावा लागतो. घटस्फोट झाल्या*नंतर* स्त्रीने स्वखुशीने हक्क सोडल्यास पोटगीचा हुकूम रद्द होऊ शकतो, अशी तरतूद खरोखरच आहे. पण सुटका मिळावी म्हणून आधीच लिहून घेतलेला त्याग हा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आणि म्हणून निरर्थक होय, असे न्यायालये म्हणत आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली पुन्हा तेच सांगितले. दोन वर्षांनी तिला दरमहा सात हजारांचा हुकूम मिळाला.

तो हुकूम अर्जाच्या तारखेपासून आहे. त्यामागची सत्तावीस वर्षे कोणत्याही न्यायालयाला परत आणता येत नाहीत.

‘अर्जाच्या तारखेपासून’ हा नियमही सहजासहजी आलेला नाही. पूर्वी कोणी हुकुमाच्या तारखेपासून देत, कोणी नोटिशीच्या. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्या न्यायालयाने साऱ्या देशासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हा त्यांतला एक. दुसरा असा की एकाच वेळी दोन-तीन कायद्यांखाली अर्ज केले असतील तर ते उघड करावेत, आणि एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वळती करावी. तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, उत्पन्न, कर्ज आणि खर्च यांचे शपथपत्र द्यावयाचे. पतीने तसेच पत्नीनेही.

या शपथपत्राचा एक नमुना खास शेतकऱ्यांसाठी आहे. त्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मधमाश्यांच्या पेट्या, कर्ज कोणाचे, हे सर्व विचारले आहे. आपल्यातील निम्म्याहून अधिक कुटुंबे अजून शेतीवर आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो. नोकरदाराचा पगार पावतीवर दिसतो. शेतकऱ्याचा आणि दुकानदाराचा दिसत नाही. पोटगीच्या अर्जाची नोटीस आली रे आली की बागायत अचानक जिरायत होते, म्हशी थोरल्या भावाच्या होतात, दुकान वडिलांचे होते, आणि चिरंजीव त्यांच्याकडे तीन हजारांवर नोकर असतात! असे ‘नोकर’ मी कोर्टात इतके पाहिले आहेत की त्यांची एक संघटना सहज निघेल. सातबाराचा उतारा, साखर कारखान्याची ऊसबिले, सोसायटीच्या कर्जाच्या नोंदी, बाजारसमितीच्या पट्ट्या, या कागदांची नक्कल वेळीच काढून ठेवावी. आणि बोजाचा हुकूम मिळाला तर तो तलाठ्याकडे देऊन इतर हक्कांच्या रकान्यात नोंदवून घ्यावा. नाहीतर हुकूम पेटीत राहतो आणि जमीन विकली जाते.

रक्कम किती मिळते, हा प्रश्न मला लग्नघरांतसुद्धा विचारला जातो. कोणी एक तृतीयांश म्हणतात, कोणी पंचवीस टक्के. निव्वळ पगाराच्या चौथ्या हिश्श्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० आणि २०१७ सालच्या निकालांत आला आहे, हे खरे. पण तो त्या त्या प्रकरणातील योग्य आकडा म्हणून. कायद्यात असे कोष्टक नाही. दोघांची मिळकत, राहणीचा दर्जा, लग्न किती वर्षे टिकले, पत्नीचे शिक्षण, तिने घरासाठी सोडलेली नोकरी, वय, प्रकृती, मुले कोणाकडे आहेत, नवऱ्यावर आईबापांचा भार किती, हे सर्व पाहून आकडा ठरतो. वर्तमानपत्रांत कोटींचे आकडे छापून येतात आणि आपल्या तरुणांच्या पोटात गोळा उठतो. ती श्रीमंतांची प्रकरणे. तालुक्याच्या कोर्टात आजही भांडण चार हजार की सहा हजार यावरच असते. दागिने आणि स्त्रीधन हे मात्र यात मोजू नये. ते तिचे होतेच. ‘दागिने परत दिले ना, मग आणखी काय?’ हा पंचांचा आवडता युक्तिवाद म्हणजे एखाद्याचीच छत्री त्याला परत करून पावसाळ्याचे उपकार सांगण्यासारखे आहे.

पुरुषबांधवांच्या चेहऱ्यांवर मला एक प्रश्न दिसतो आहे, तो टाळणे बरे नव्हे. कायदा एकतर्फी आहे काय? विवाह अधिनियमाची २४ आणि २५ ही कलमे पती व पत्नी दोघांनाही लागू आहेत. मराठवाड्यातील एका शिक्षिकेने आपल्या घटस्फोटित, निर्धन पतीस दरमहा तीन हजार द्यावेत, हा खालच्या न्यायालयाचा आदेश २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कायम ठेवला. कमावती स्त्री मिळकत लपवून पोटगी मागते, अशीही प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि अशा शपथपत्राची शिक्षा तिला झालीच पाहिजे. पण स्त्री चार पैसे मिळवते म्हणून तिचा हक्क बुडतो, हे खरे नाही. त्या चार पैशांत तिचा निर्वाह सासरच्या राहणीला धरून होतो की नाही, हा प्रश्न असतो. आणि धडधाकट पुरुषाने ‘मला कामच नाही’ म्हणून हात वर करणे न्यायालये मान्य करीत नाहीत. नांदावयास ये असा हुकूम नवऱ्याने मिळवला आणि ती आली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तिने का नाकारले, ते आधी पाहावे लागते.

वसुलीविषयी दोन शब्द, कारण बायका येथेच थकतात. हुकूम होऊन पैसे येत नसतील, तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे वसुलीचा अर्ज द्यावा. पतीला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. मात्र हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज दिला पाहिजे. ‘देतील आज ना उद्या’ म्हणत तीन-तीन वर्षे वाट पाहणाऱ्या भगिनी या वाटेने दोन वर्षांची रक्कम गमावतात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तेथे मोफत वकील मिळतो, आणि तिचे उत्पन्न किती हे विचारले जात नाही. गोव्यात स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांचा प्रकार वेगळा. तेथील नागरी कायद्यात, लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल तर, पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना निम्मी निम्मी होते. त्यांनी तेथील जाणत्या वकिलांचाच सल्ला घ्यावा.

आता आपल्या समितीकडे येतो. तिने काही चांगले केले नाही, असे मी म्हणणार नाही. कित्येक भांडणे तिने बैठकीतच मिटवली, कित्येक मुली पुन्हा सुखाने नांदल्या, त्या आज या सभेत नातवंडे घेऊन बसल्याही असतील. सलोखा करण्यास कायद्याची ना नाही. कुटुंब न्यायालयेही आधी तेच करतात. परंतु सलोखा न झाल्यास समितीचे काम तेथेच संपले पाहिजे. घटस्फोट देणे आणि पोटगी सोडवून घेणे हे तिचे काम नव्हे. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ पासून कायद्यात आहे. एक वर्ष विभक्त राहिल्यावर दोघांनी मिळून न्यायालयात जावे, पोटगीची रक्कम, मुलांचा खर्च, दागिने, सर्व तेथे न्यायाधीशांसमोर लिहावे. समितीचा निर्णय मानला नाही म्हणून एखाद्या घराला पंगतीतून वगळणे, हे तर महाराष्ट्रात २०१७ पासून सामाजिक बहिष्काराच्या कायद्याने गुन्हा आहे. तसे आपल्याकडे होत नाही, असे चिटणीस म्हणतात. माझी त्यांना विनंती आहे की सभेनंतर त्यांनी माझ्याशी एकांतात बोलावे.

आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव लेखी दिला आहे. तो असा की मंडळाच्या नावाने वा मंडळाच्या जागेत, पोटगीचा हक्क सोडल्याचा कोणताही कागद यापुढे केला जाऊ नये, आणि वसतिगृह निधीप्रमाणे एक लहानसा निधी काढून पोटगीचा अर्ज करणाऱ्या भगिनींस जाण्या-येण्याचा व कागदांच्या नकलांचा खर्च द्यावा. अनुमोदक मिळाले आहेत. विरोधही होणार, हे मला ठाऊक आहे. विरोध करणाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या पंच म्हणून माझ्याच कागदांवर आहेत.

ते कागद मी आज बरोबर आणले आहेत. १९८८ ते २००३ या काळातल्या, माझ्या हातच्या सतरा नकला. त्या मी अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहे. त्या सतरा जणींपैकी एकीचे मघाशी सांगितले. तिघींचे पुनर्विवाह झाले, दोघी वारल्या. बाकीच्या अकरा जणी कोठे आहेत, ते मला माहीत नाही. त्यांच्यातल्या कोणी पुनर्विवाह केला नसेल, तर तिला आजही अर्ज करता येतो. जेवणानंतर मी कार्यालयाच्या डाव्या बाजूच्या खोलीत बसणार आहे. माहेरच्या गावावरून किंवा नात्यावरून कोणास त्यांचा पत्ता ठाऊक असेल, तर कृपा करून तेथे येऊन मला लिहून द्यावा. नावे मी मोठ्याने वाचणार नाही.